कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्याने चावलंय, जखम चिघळली, गोळ्या देऊनही फरक नाही

शेतावरचा_मी: आमचा मोत्या, गावठी, वय ६, वजन अंदाजे २४ किलो. गेल्या रविवारी रात्री भटक्या कुत्र्यांशी भांडला, मानेच्या बाजूला दोन दातांची भोकं पडली, अगदी बारीक, म्हणून हळद लावली आणि सोडून दिलं. बुधवारी बघतो तर मान लिंबाएवढी सुजलेली, आता तर मोसंबीएवढी आणि घाण वास. मेडिकलवाल्याने माणसांची ती सहाशे पंचवीसवाली गोळी दिली, रोज एक देतोय, आज तिसरा दिवस. खाणं सोडलंय. वडील म्हणतात टर्पेंटाइन ओत, नाहीतर किडे पडतील. गोळी बदलू का?

नंदिनी_पुणे: टर्पेंटाइन अजिबात नको!! आत मांस उघडं असतं, भाजतं आणि चाटलं तर पोटात जातं. आणि दुखतंय म्हणून क्रोसिन, ब्रुफेनही देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी असतात.

जुना_कुत्रेवाला: दादा गोळी बदलून काही होणार नाही. कुत्र्याचा दात बाहेरून टाचणीएवढं भोक पाडतो पण तो पकडून झटके देतो ना, त्यात आतली कातडी मांसापासून सुटते आणि पिशवी तयार होते. वरचं भोक दोन दिवसात मिटतं, तोंडातले जंतू आत. त्या पुवाला रक्तपुरवठा नाही तर औषध पोचणार कुठून? आधी फोडून, धुवून काढावं लागतं. गोळी तशी बरोबर आहे, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिड, चाव्याला बहुतेक डॉक्टर हीच देतात, पण ती दिवसातून दोनदा लागते आणि वजनावर. आजच गुरांच्या दवाखान्यात न्या. घरी दाबून पू काढू नका. ताप बघा, १०३ च्या वर म्हणजे थांबायचंच नाही.

नंदिनी_पुणे: आणि रेबीज! भटकं कुत्रं होतं, मोत्याला लस झालेली असली तरी चाव्यानंतर परत द्यावी लागते, डॉक्टरांना आठवणीने सांगा. जखमेला तुम्ही उघड्या हाताने हात लावलात का? हाताला कुठे कापलं-खरचटलं असेल तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि तुमच्याही डॉक्टरला विचारा.

शेतावरचा_मी: हात लावला होता, काल. बोटाला चीर होती. मोत्या आणि मी, दोघंही निघतोय.

शेतावरचा_मी: (पाच दिवसांनी) अपडेट. ताप १०४ होता. भूल देऊन केस काढले, डॉक्टरांचा चिमटा त्या एवढ्याशा भोकातून चार बोटं आत गेला, मी बघतच राहिलो, पू वाटीभर आणि त्यात केसांचा गुंता, चावताना आत ढकललेला. खालून दुसरं भोक पाडून रबरी नळी घातली, टाके घातले नाहीत, म्हणाले आत्ता शिवलं तर आत परत सडेल. पू तपासायला लॅबला पाठवला, रिपोर्ट यायच्या आधी सलाईन, इंजेक्शन आणि तीच गोळी पण योग्य मात्रेत, दोन वेळा. रिपोर्टमध्ये जंतू त्याच गोळीला मरतोय म्हणून बदलली नाही, अजून दहा दिवस द्यायची. काल नळी काढली. मोत्याला रेबीजचा बूस्टर, माझंही पहिलं इंजेक्शन झालं.

आता गळ्यात प्लास्टिकची कॉलर आहे आणि साहेब भाकरीसाठी घरभर फिरत सगळ्यांच्या पोटऱ्यांना धडकतायत, वडील शिव्या घालतायत.

जुना_कुत्रेवाला: कॉलर काढू नका हं, वडील कितीही ओरडले तरी. रात्रीत चाटून उघडतो.