ईईजी नॉर्मल, तरी फिटच्या गोळ्या का?

मधुरा_के: मुलगी 15 वर्षांची. सकाळी उठल्यावर हात झटकतात, ब्रश हातातून उडतो. परीक्षेच्या जागरणानंतर एकदा मोठी फिट आली. ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) 20 मिनिटांचा, जागेपणी काढलेला, नॉर्मल आहे. तरी डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यात. अपस्मार नसेलच ना?

न्यूरो_ओपीडी: नॉर्मल ईईजीने अपस्मार नाकारता येत नाही. अपस्मार असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्या पहिल्या ईईजीत काहीच सापडत नाही. निदान मुख्यतः लक्षणांवरून होतं. तुमचं वर्णन ज्युवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीकडे, म्हणजे किशोरवयात सुरू होणाऱ्या, हात झटकणाऱ्या अपस्माराकडे बोट दाखवतं. त्यात ईईजीवर 3 ते 6 हर्ट्झचे (सेकंदाला 3 ते 6) पॉलीस्पाइक-वेव्ह, म्हणजे टोकदार लहरींचा (स्पाइक) पुंजका आणि मागोमाग मंद लहर, मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकदम उमटतात. प्रकार कळणं फार महत्त्वाचं, कारण कार्बामाझेपिन या फिटच्या गोळीने हे झटके वाढू शकतात आणि व्हॅल्प्रोएट ही दुसरी गोळी मुलींना देण्याआधी पुढच्या गर्भारपणाचा विचार करावाच लागतो. गोळ्या मनाने थांबवू नका. जागरणानंतरचा ईईजी करता येईल का, ते विचारा.

लीड_टेक: तो करणार असाल तर सकाळची वेळ घ्या. किती जागायचं ते लॅब सांगेल, पण जागरणानेच फिट येऊ शकते, म्हणून तिला एकटी ठेवू नका आणि दुचाकीवर मागे बसवून आणू नका. आदल्या दिवशी शाम्पू करा, तेल-कंडिशनर अजिबात नको. तेलकट त्वचेवर इम्पीडन्स (त्वचा आणि तार यांमधला विजेला होणारा अडथळा) 5 किलोओहमखाली येत नाही आणि वीजपुरवठ्याची 50 हर्ट्झची लहर आलेखात घुसते. उपाशी आणू नका, साखर उतरली की लहरी मंदावतात. झोप लागताना, झोपेत आणि उठल्यानंतरही रेकॉर्डिंग चालू ठेवायला सांगा. उठवलं की लगेच तारा काढल्या तर या आजारातला नेमका मोक्याचा भाग हुकतो. 3 मिनिटं जोरात श्वास आणि लुकलुकता प्रकाश, दोन्ही व्हायला हवेत.

मधुरा_के: जुन्या रिपोर्टमध्ये ‘हायपरव्हेंटिलेशनमध्ये स्लोइंग’ लिहिलंय. तो दोष का?

न्यूरो_ओपीडी: नाही, जोरात श्वास घेताना लहरी मंदावणं या वयात अपेक्षितच आहे. पापणीची हालचाल, चावणं, सैल इलेक्ट्रोड यांनाही स्पाइक समजून चुकीचं निदान होतं, म्हणून फक्त रिपोर्ट नको, मूळ रेकॉर्डिंगही मागून घ्या. आणि सकाळच्या झटक्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा: चेहरा आणि दोन्ही हात एकाच चौकटीत, पांघरूण बाजूला, मध्येच तिला हाक मारून.