सॅन (सर्व्हरांसाठीचं वेगळं स्टोरेज नेटवर्क) घ्यायचंय, पण वेग नक्की कुठं अडकतोय?

उद्यमबागकर:
नमस्कार मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेत आमचं मशीन शॉप हाय. तीन सर्व्हर, ईआरपी (कंपनीच्या सगळ्या नोंदींचं सॉफ्टवेअर) आणि कॅडच्या (डिझाइनच्या) फायली सगळं एकाच स्टोरेजवर, 7200 आरपीएमच्या 12 डिस्क, रेड 6 (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो अशी मांडणी), आयस्कझी (साध्या नेटवर्कवरनं स्टोरेज जोडायची पद्धत) 1 गिगाबिटवर आणि तेही ऑफिसच्याच स्विचमधनं. संध्याकाळी शिफ्ट सुटताना सगळे एन्ट्री मारूलेत की ईआरपी नुसतं गोल फिरत बसतंय. मालक म्हणतात 16 गिगाबिटचं फायबर चॅनेल (फक्त स्टोरेजसाठीचं खास नेटवर्क) टाकूया, कोटेशन पण आलंय. खरंच फास्ट होईल काय? पैसे एकदाच मिळणार हाईत.

खानापूरवाला:
आधी डिस्कचा हिशोब करा की वो. अशी एक डिस्क सेकंदाला 75-80 आयओ (वाचायची-लिहायची कामं) देते, 12 मिळून धरा 900. पण रेड 6 मध्ये एका छोट्या राइटला मागं सहा आयओ लागतात, म्हणजे नुसते राइट आले तर 150 वरच दम संपला, कॅशे (स्टोरेजची तात्पुरती मेमरी) थोडा वेळ सांभाळतो तेवढंच. आता 8 केबीचे 150 राइट म्हणजे दीड एमबी पण नाही, आणि तुमची वायर सेकंदाला 100 एमबीच्या वर नेते! मग फायबर टाकून काय मिळणार? ईआरपीचा डेटाबेस एसएसडीवर रेड 10 (प्रत्येक डिस्कची जोडीला नक्कल) मध्ये न्या, कॅड राहूदे जुन्या डिस्कवर.

निपाणीकर:
बरोबर, पण ऑफिसच्या स्विचमधनं स्टोरेज मात्र काढाच. दोन वेगळे 10 गिगाबिट स्विच, दोन सबनेट (नेटवर्कचे वेगळे भाग), मल्टिपाथ (स्टोरेजकडं जायच्या एकापेक्षा जास्त वाटा). जंबो फ्रेम (1500 ऐवजी 9000 बाइटची मोठी पाकिटं) करणार असाल तर सर्व्हर, स्विच, स्टोरेज सगळीकडं करा आणि फ्रॅगमेंट (तुकडे) न करता 8972 बाइटचा पिंग मारून बघा, आमच्यात एक पोर्ट 1500 वर राहिला होता, लॉगिन व्हायचं पण मोठी फाइल अडकायची, दोन दिवस गेले त्यात.

उद्यमबागकर:
आज संध्याकाळी मोजलं. डिस्कवर एका आयओला 60 मिलिसेकंद लागूलेत आणि नेटवर्क पोर्ट 15 टक्के पण भरला नाही. खानापूरवाले, तुमचंच खरं निघालं, लई उपकार झाले.

खानापूरवाला:
मग हेच आकडे घेऊन वेंडरकडं जावा. किती टीबी ते नंतर, आधी 70 टक्के राइट असताना किती आयओ आणि किती मिलिसेकंदात देणार ते कोटेशनवर लिहून घ्या. आणि बॅकअप शिफ्टच्या वेळी चालू नाही ना, तेवढं बघा.