पोलीस ठाण्यातील मारहाण: अर्ज प्रलंबित असताना दिवाणी दावा लावता येतो का?

प्रश्न
माझ्या भाच्याला चौकशीच्या नावाखाली एका पोलीस ठाण्यात रात्रभर डांबून पट्ट्याने मारले. अटकेची नोंद मात्र कोठेही नाही. सकाळी शासकीय रुग्णालयात त्याच्या पाठीवरील व तळपायांवरील वळांची नोंद करून घेतली. पोलीस अधीक्षकांना दिलेल्या अर्जाची पोच आहे, उत्तर नाही. त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी थांबावे लागते का?

प्रतिसाद १
कृपया थांबू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ नुसार, कर्तव्याच्या आडून किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांत दाखल व्हावा लागतो आणि त्याआधी त्या अधिकाऱ्याला किमान एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आहेच. अर्ज प्रलंबित आहे म्हणून मुदत थांबत नाही. संशयितांना मारणे व डांबणे हे कर्तव्याच्या आडून केलेले कृत्य ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली आत्माराम खटल्यात म्हटले आहे. म्हणजे अशा कृत्याला कलम १६१ ची सहा महिन्यांची मुदत लागू होत नाही, असे म्हणता येते. तरीही तो आधार मुदत उलटून गेलेल्यांसाठी राहू द्या. तुमच्या हाती अजून वेळ असेल, तर तो वापरा.

प्रतिसाद २
त्या रात्रीचे सीसीटीव्ही चित्रण जतन करावे, असा लेखी अर्ज आजच द्या आणि माहिती अधिकारात ठाणे दैनंदिनीची (पोलीस ठाण्यातील रोजच्या घडामोडींच्या नोंदवहीची) प्रतही मागा. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्याचे व चित्रण १८ महिने, ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष ठेवण्याचे आदेश दिले आहेत. अटकेची नोंद नसताना भाचा तेथे होता, हे सिद्ध करणारा याहून भक्कम पुरावा तुम्हाला मिळणार नाही. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जरूर जा, परंतु तेथून अहवाल शासनाकडे जातो. दाव्याची जागा तो घेत नाही.

प्रतिसाद ३
उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिकाही करता येते. नीलाबती बेहेरा प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने कोठडीत मुलगा गमावलेल्या आईला ओडिशा शासनाकडून दीड लाख रुपये देवविले आणि मूलभूत हक्कांच्या भंगापुढे सार्वभौमत्वाचा बचाव (शासन सार्वभौम असल्याने भरपाईस जबाबदार नाही, हा युक्तिवाद) चालत नाही, असे ठरवले. मात्र घटनाच वादग्रस्त असेल, तर न्यायालय दिवाणी दाव्याकडे बोट दाखवू शकते. म्हणून याचिका करणार असलात, तरी कलम १६१ ची नोटीस आधी पाठवा.