डेस्कार्टेस कोण? (परदेशी नावांनी केलेली फजिती)

गवतीचहा

काल दुपारी भेंडी चिरत होते, शेजारी लेकीचं ऑनलाइन लेक्चर चालू. सर दोनतीनदा म्हणाले 'देकार्त' (तो फ्रेंच तत्त्वज्ञ, स्पेलिंग Descartes) आणि माझी सुरी थांबली. पोटात तो जुना गोळा आला.

१९९३. एमएची तोंडी परीक्षा. कॉलेज तालुक्याचं, विषयाला एकच सर, तेही अर्धं वर्ष रजेवर. त्यामुळे पाश्चात्त्य तत्त्वज्ञान मी ग्रंथालयात बसून नुसतं डोळ्यांनी शिकले, कानावर एक नाव पडलेलं नाही. स्पेलिंग दिसेल तसं वाचायचं. देकार्तचा डेस्कार्टेस. रूसोचा रौसियू. इथवर ठीक. पण पुस्तकात मधूनच 'कार्टेशियन' यायचं. न्यूटनचं न्यूटोनियन, तसा कोणी कार्टेशियस असणार, असं मी ठरवून टाकलं. वहीत दोघांना वेगवेगळी पानं दिली. डेस्कार्टेस संशयवादी: सगळ्यावर शंका घ्या, शंका घेणारा तेवढा शिल्लक राहतो. कार्टेशियस द्वैतवादी: मन वेगळं, शरीर वेगळं. आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे मी या दोघांची तुलना केली. चांगली पाच मिनिटं. मतभेदांसकट.

देकार्तचंच लॅटिन नाव कार्टेसियुस, हे मला दोन वर्षांनी कळलं. एसटीत बसून वाचत होते, खिडकीकडे तोंड करून बसले स्टँड येईपर्यंत.

तुमचेही किस्से येऊ द्या. एकटीने किती लाजायचं.

लोलक

माझं बरोबर उलटं. तुम्ही एकाचे दोन केलेत, मी दोघांचा एक.

बीएस्सीला फूकोचा लोलक होता, पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे त्याने १८५१ साली पॅरिसच्या पँथिऑनमध्ये (हे तरी बरोबर का?) घुमटाला गोळा टांगून दाखवलं, तो. आम्ही सगळे 'फोकॉल्ट' म्हणायचो, सरांसकट. पुढे नाटकवाल्या मित्रांच्यात उठबस सुरू झाली. तिथे तुरुंग, वेडेपणा, सत्ता, आणि दर दोन वाक्यांनी फूको. वर्षभर मान डोलावली. मग एकाने पुस्तक हातात ठेवलं, कव्हरवरचं स्पेलिंग बघितलं आणि मी ओरडलो, अरे हा तर आपला लोलकवाला! केवढा अष्टपैलू माणूस!

तो शास्त्रज्ञ लेऊं फूको, हा तत्त्वज्ञ मिशेल फूको. दोघांच्या जन्मांत शंभराहून जास्त वर्षांचं अंतर. मित्र मला अजून पेंडुलम म्हणतात, हे नाव तिथूनच.

दुपारचीझोप

इंग्रजी कवी Keats कीट्स तर मग तसंच स्पेलिंग असलेला Yeats येट्स कसा, यीट्स का नाही?? एवढंच विचारायचं होतं. कुकर झालाय, येते

उंबरठा

गवतीचहा, परीक्षक काय म्हणाले ते आधी सांगा की!

झेलम_एक्सप्रेस

रशियात डॉक्टरकी शिकायला होतो. होस्टेलच्या दाराशी एक आजी बसायच्या, रात्री उशिरा आलं की कुरकुरायच्या. त्यांना खूश करावं म्हणून एकदा सांगितलं, मी डोस्टोव्हस्की वाचलाय. आजी म्हणे कोण? परत सांगितलं. कोण? चौथ्यांदा शेवटी त्यांच्या लिपीत कागदावर लिहून दिलं तर आजी टेबलावर हात आपटून हसल्या. 'दस्तायेफ्स्की!' जोर नसलेल्या ओ चा ते अ करतात, आणि पुढे स आला की व चा फ. आपला चेकॉव्ह त्यांच्याकडे चेखफ, तो ख पण घशातून खरवडून काढायचा. मला खोकलाच आला.

पण फायदा झाला. त्या रात्री आजींनी चहा दिला, सोबत वाटीत चेरीचा मुरांबा. नंतर कधी उशिरावरून बोलल्या नाहीत.

रेवदंडेकरीण

पुण्यात मॅक्सम्युलर भवनला जर्मन शिकायला जायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या थोर कवीला, Goethe ला, 'गोएथ' म्हटलं. बाई म्हणाल्या, ओठ ओ म्हणायला करा, ते तसेच ठेवून आतून ए म्हणा. करून बघा आत्ता. घरी आरशासमोर सराव करत होते तर सासूबाई म्हणाल्या, दाढ दुखतीय का गं, लवंग धर.

गंमत म्हणजे त्या संस्थेला बाकी जगात गटेचं (ग्योटेचं? जाऊ दे) नाव आहे, आपल्याकडे मॅक्सम्युलरचं. आणि त्या म्युलरसाहेबांनी ऋग्वेदावर संस्कृतात स्वतःचं नाव 'मोक्षमूलर' छापलंय. ऑक्सफर्डचं केलं गोतीर्थ! आपण कशाला लाजायचं?

पाटीलवाडा

तेच म्हणतो. आपण त्यांच्यासाठी ओठ वाकडे करायचे आणि ते? माझ्या आडनावात ळ आहे, न्यू जर्सीत सोळा वर्षं झाली. आता कॉफीवाल्याला मी स्वतःच दुसरं नाव सांगतो.

चिंचगुळाचीआमटी

ळ साठी तेवढं लांब कशाला जायचं. आम्ही दिल्लीत, टिळकांचं इथे कधीच तिलक झालंय.

अवांतर: गवतीचहा, भेंडी आधी धुऊन पुसून ठेवता का? माझी फार तार सुटते.

सांगलीची_हळद

दोन आमसुलं टाका आणि मीठ अगदी शेवटी. झाकण ठेवू नका.

विषयावर: तो डॅनिश तत्त्वज्ञ Kierkegaard, त्याला मी किर्केगार्ड म्हणायचे, वाटायचं घरचे रेल्वेत गार्ड असतील. ऑफिसात एक डॅनिश बाई होती, तिने शेवट 'गोर' असा केला, मधली अर्धी अक्षरं गिळूनच टाकली. आणि त्या शब्दाचा अर्थ चर्चचं आवार, दफनभूमी. जन्मभर निराशेवर लिहिणाऱ्या माणसाचं आडनाव स्मशाने! मग मला तो फार जवळचा वाटायला लागला.

नाना_नेवासे

देकार्त बिचारा उशिरा उठणारा माणूस. स्वीडनच्या क्रिस्टिना राणीने शिकवणीला पहाटे पाचला बोलावलं, त्यात स्टॉकहोमचा हिवाळा. न्यूमोनिया झाला, फेब्रुवारी १६५० मध्ये गेला. हे नातवाला सांगायची चूक केली. आता तो सकाळच्या क्लासला उठत नाही.

लोलक

नाना, डेस्कार्टेस गेला. कार्टेशियस असेल हो अजून.

दुपारचीझोप

😂😂 आले परत. येट्सचं कोणी सांगितलंच नाही. आमच्या बाबांनी जन्मभर वोडहाउस म्हटलं, कॉलेजात मला कळलं की वुडहाउस. घरी येऊन सुधारायला गेले. ते म्हणाले, मी त्याला तुझ्या जन्माआधीपासून ओळखतो. परत कधी बोलले नाही त्यावर. आता मीपण वोडहाउसच म्हणते

उंबरठा

परीक्षक!!!

गवतीचहा

हो हो, पाहुणे होते घरी. सांगते.

परीक्षकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. हसले नाहीत, ही त्यांची पुण्याई. मग विचारलं, "या दोघांपैकी तुम्हाला कोण पटतो?" मी म्हटलं कार्टेशियस. का? म्हटलं, सर, डेस्कार्टेस नुसता स्वतःच्या विचारात बुडालाय, कार्टेशियस निदान शरीर आहे हे तरी मानतो. ते बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "डेस्कार्टेसला हे कुणीतरी सांगायला हवं होतं."

वीसपैकी चौदा दिले. आमसुलं टाकली, तार गेली. @सांगलीची_हळद

उंबरठा

चौदा! मी देकार्त बरोबर म्हटलं होतं, मला नऊ.