एमएसकेचा जुना क्लस्टर सोडून नव्यावर जायचं आहे: मेसेज न हरवता आणि क्रम न बिघडवता कसं?

प्रश्न: निळाडोंगर

अ‍ॅमेझॉन एमएसकेवर (अ‍ॅमेझॉन चालवून देतं ती काफ्का सेवा; काफ्का म्हणजे मेसेज साठवून पुढे पोचवणारी प्रणाली) काफ्का २.८ चा झूकीपरवाला क्लस्टर आहे, म्हणजे क्लस्टरची माहिती झूकीपर ही वेगळी प्रणाली सांभाळते. नवा क्लस्टर ३.९ चा, क्राफ्टवर, म्हणजे ती माहिती काफ्का स्वतःच सांभाळतं. एमएसकेमध्ये झूकीपरवरून क्राफ्टवर जागच्या जागी जाता येत नाही, त्यामुळे दोन क्लस्टर शेजारी ठेवून डेटा हलवणं भाग आहे. जुन्याची डिस्कही गरजेपेक्षा फार मोठी झाली आहे, आणि एमएसके स्टोरेज वाढवू देतं, कमी करू देत नाही.

टॉपिक (मेसेजचे नाव दिलेले प्रवाह) सुमारे २००, रिटेन्शन (मेसेज ठेवण्याची मुदत) ७ दिवस, काही टॉपिक कॉम्पॅक्टेड, म्हणजे प्रत्येक कीचा शेवटचा मेसेज तेवढा टिकवणारे. व्यवहारांच्या एका टॉपिकवर ट्रान्झॅक्शनल प्रोड्यूसर (अनेक मेसेज एकत्र पक्के किंवा रद्द करणारे) लिहितात. काही सिंक कनेक्टर (काफ्कातून वाचून बाहेरच्या प्रणालीत लिहिणारे) आहेत. मेसेज अ‍ॅव्रो या बायनरी फॉरमॅटमध्ये आहेत, आणि स्कीमा रजिस्ट्रीचा (मेसेजची रचना नोंदवून ठेवणाऱ्या सेवेचा) टॉपिक जुन्या क्लस्टरवरच आहे. टॉपिकची नावं बदलायची नाहीत.

मेसेज दोनदा आला तर चालेल, हरवलेला चालणार नाही. व्यवहारांच्या टॉपिकवर एका खात्याचा क्रमही तसाच राहायला हवा. नक्कल करायला काफ्कासोबत येणारा मिररमेकर २ घ्यावा की अ‍ॅमेझॉनची एमएसके रेप्लिकेटर सेवा? आणि आधी कोणाला हलवावं, प्रोड्यूसरना (लिहिणाऱ्यांना) की कन्झ्युमरना (वाचणाऱ्यांना)?

उत्तर: पार्टिशनशून्य

रेप्लिकेटर २०२३ च्या सप्टेंबरपासून आहे आणि वर्कर सांभाळण्याचा व्याप वाचवतो. त्यासाठी दोन्ही क्लस्टरवर आयएएम (एडब्ल्यूएसची ओळख आणि परवाने) ऑथेंटिकेशन चालू लागतं. साध्या टॉपिकांसाठी तो पुरेसा आहे. तुमच्याकडे ट्रान्झॅक्शन आहेत, म्हणजे वाचणाऱ्या कन्झ्युमरच्या सेटिंगवर तुमचा ताबा हवा. म्हणून मिररमेकर २ घ्या, आणि तो नव्या क्लस्टरच्याच आवृत्तीचा घ्या. ३.९ चा मिररमेकर २.८ च्या ब्रोकरवरून (क्लस्टरच्या सर्व्हरवरून) व्यवस्थित वाचतो, आणि ऑफसेट (रेकॉर्डचा क्रमांक) भाषांतरातल्या जुन्या चुका ३.५ च्या आसपास दुरुस्त झालेल्या आहेत.

मिररमेकर ज्यावर चालतो तो काफ्का कनेक्टचा क्लस्टर नव्या क्लस्टरला जोडा, जुन्याला नाही. मिररमेकर हा सोर्स कनेक्टर आहे, तेव्हा कनेक्टचा वर्कर ज्या क्लस्टरला बांधलेला असतो तिथेच तो लिहितो.

टॉपिक स्वतः आधी तयार करून ठेवा. मिररमेकरने तयार केले तर रेप्लिकेशन फॅक्टर (प्रतींची संख्या) २ येतो, कारण डिफॉल्ट तोच आहे. शिवाय तो टॉपिकची बहुतेक सेटिंग उचलतो पण मिन.इनसिंक.रेप्लिकाज मुद्दाम वगळतो, आणि मेसेज.टाइमस्टॅम्प.टाइपसुद्धा. पार्टिशनची (टॉपिकच्या भागांची; क्रम एका भागापुरताच पाळला जातो) संख्या जुन्याइतकीच ठेवा. मिररमेकर रेकॉर्ड त्याच क्रमांकाच्या पार्टिशनमध्ये टाकतो. ‘चला, या निमित्ताने पार्टिशन वाढवून घेऊ’ असं कोणी म्हणालं तर ठाम नकार द्या: प्रोड्यूसर हलवल्यावर तीच ‘की’ (मेसेजची खूण, जसं खातं) वेगळ्या पार्टिशनमध्ये पडू लागेल आणि क्रमाची हमी तिथेच संपेल.

आता सेटिंग:

रेप्लिकेशन.पॉलिसी.क्लास मध्ये आयडेंटिटी रेप्लिकेशन पॉलिसी द्या. डिफॉल्ट पॉलिसी नावापुढे जुन्या क्लस्टरचं टोपणनाव लावते.

टास्क्स.मॅक्स डिफॉल्टने १ असतं. ते वाढवलं नाही तर २०० टॉपिक एकाच टास्कमधून जातील आणि सात दिवसांचा साठा संपता संपणार नाही.

सोर्सच्या कन्झ्युमरचं आयसोलेशन.लेव्हल रीड_कमिटेड करा. हे तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. तसंच सोडलं तर रद्द झालेल्या ट्रान्झॅक्शनचे रेकॉर्डही वाचले जातात आणि नव्या क्लस्टरवर साधे, वैध रेकॉर्ड म्हणून लिहिले जातात. पुढचा कोणताही कन्झ्युमर ते ओळखू शकत नाही.

प्रोड्यूसरचं कॉम्प्रेशन.टाइप द्या, एलझेड४ किंवा झेडस्टँडर्ड. मिररमेकर बॅच उलगडून रेकॉर्ड नव्याने लिहितो. कॉम्प्रेशन सांगितलं नाही तर डेटा न दाबताच लिहिला जातो आणि नवी डिस्क भराभर भरते. मॅक्स.रिक्वेस्ट.साइझ डिफॉल्टने १०,४८,५७६ बाइट आहे आणि ते रेकॉर्डच्या न दाबलेल्या आकाराला लागतं. जुन्या क्लस्टरवर दाबून मावलेला मोठा रेकॉर्ड इथे रेकॉर्ड-टू-लार्ज म्हणून अडतो आणि टास्क बंद पडतो. मर्यादा प्रोड्यूसरकडे आणि नव्या टॉपिकच्या मॅक्स.मेसेज.बाइट्समध्ये, दोन्हीकडे वाढवा.

सुरुवातीचा सात दिवसांचा साठा वाचताना जुन्या ब्रोकरला पेज कॅशमधून (मेमरीतून) नाही, डिस्कवरून वाचावं लागतं. चालू कन्झ्युमर मंदावतात. मिररमेकरच्या युजरवर कन्झ्युमर_बाइट_रेटचा कोटा लावा आणि साठा संपल्यावर काढा.

कॉम्पॅक्टेड टॉपिकबाबत एक सूक्ष्म गोष्ट. डिलीट.रिटेन्शन.एमएस डिफॉल्टने २४ तास असतं. मिररमेकर त्याहून जास्त वेळ बंद राहिला आणि तेवढ्यात जुन्या क्लस्टरवरून टूमस्टोन (की पुसल्याची नोंद) साफ झाला, तर पुसलेली की नव्या क्लस्टरवर कायम जिवंत राहते. हलवाहलवीच्या काळात ही मर्यादा जुन्या क्लस्टरवर वाढवून ठेवा.

उत्तर: रात्रपाळी

वरचं सगळं बरोबर. पण मेसेज हरवतात ते डेटाच्या नकलेत नाही, ऑफसेटच्या नकलेत.

जुन्या आणि नव्या क्लस्टरचे ऑफसेट आकडे जुळणार नाहीत. जुन्यावर रिटेन्शनने गेलेले रेकॉर्ड, कॉम्पॅक्शनची भोकं आणि ट्रान्झॅक्शनचे मार्कर (ती पक्की की रद्द हे सांगणाऱ्या नोंदी) यांनी आकडे पुढे सरकलेले असतात. नव्यावर मोजणी शून्यापासून होते. त्यामुळे ऑफसेट हाताने उतरवून घेणं हा मार्ग बाद. मिररमेकरचा चेकपॉइंट कनेक्टर जुन्या ऑफसेटचं नव्यात भाषांतर करतो, पण नव्या क्लस्टरवर ते प्रत्यक्ष लिहिलं जावं यासाठी सिंक.ग्रुप.ऑफसेट्स.इनेबल्ड ट्रू करावं लागतं. डिफॉल्ट फॉल्स आहे.

ही नक्कल कशी चालते ते नीट समजून घ्या. कन्झ्युमर ग्रुप म्हणजे मिळून वाचणारे आणि ‘कुठवर वाचलं’ तो ऑफसेट एकत्र नोंदवणारे (कमिट करणारे) कन्झ्युमर. नव्या क्लस्टरवर एखाद्या ग्रुपचा कन्झ्युमर चालू असेल तर मिररमेकर त्या ग्रुपला हात लावत नाही. ग्रुप रिकामा असला तरी नव्या क्लस्टरवरचा ऑफसेट भाषांतरित ऑफसेटच्या पुढे असेल, तर तो मागे आणत नाही. म्हणजे कोणी नव्या क्लस्टरवर ‘चालतंय का बघू’ म्हणून खऱ्या ग्रुपच्या नावानेच कन्झ्युमर चालवला आणि त्याने शेवटपर्यंत वाचून कमिट केलं, की तो ऑफसेट तिथेच राहतो. जुना कन्झ्युमर मागे असताना तुम्ही हलवलंत तर मधले मेसेज गुपचूप गाळले जातात. कसलीही एरर येत नाही. चाचणी नेहमी वेगळ्या ग्रुप नावाने करा. तरीही असं घडलंच, तर नव्या क्लस्टरवरचा तो ग्रुप डिलीट करा, पुढच्या फेरीत तो परत लिहिला जातो.

दुसरं, वगळायच्या ग्रुपांची डिफॉल्ट यादी बघा. तिच्यात ‘कनेक्ट-’ने सुरू होणारे ग्रुप आहेत, आणि प्रत्येक सिंक कनेक्टरच्या ग्रुपचं नाव नेमकं तसंच असतं. ग्रुप्स.एक्स्क्लूड बदलला नाही तर तुमच्या सिंक कनेक्टरांचे ऑफसेट येणारच नाहीत, आणि नव्या क्लस्टरवर ते टॉपिकच्या सुरुवातीपासून सगळं परत लिहू लागतील.

चेकपॉइंट आणि ग्रुप सिंक दोन्हींचा अंतराल ६० सेकंद असतो. हलवण्याआधी १० वर आणा. ऑफसेट.लॅग.मॅक्स १०० वरून ० केलं तर भाषांतर बारीक होतं, बदल्यात ऑफसेट सिंकच्या टॉपिकवर लिहिणं वाढतं. खूप मागे राहिलेल्या ग्रुपचं भाषांतर मुळातच ढोबळ असतं: मागे जावं तसे नोंदींमधले टप्पे लांब होत जातात. असे ग्रुप मेसेज गाळत नाहीत, पण बरेच मेसेज परत वाचतात. हलवण्याआधी त्यांना जुन्या क्लस्टरवरच गाठू द्या.

निळाडोंगर

सिंक कनेक्टरांची गोष्ट अगदी वेळेवर कळली. चाचणी क्लस्टरवर मिररमेकर चालू केला आहे, पण जुन्या क्लस्टरवर काफ्का-कन्झ्युमर-ग्रुप्सने यादी काढली तर त्याचा ग्रुप दिसत नाही. मग तो किती मागे आहे ते कसं कळणार? आणि व्यवहारांच्या टॉपिकचा क्रम सांभाळून नेमकं कसं हलवायचं?

उत्तर: रात्रपाळी

ग्रुप दिसणार नाही, कारण मिररमेकर पार्टिशन स्वतः नेमून घेतो आणि आपली जागा नव्या क्लस्टरवरच्या कनेक्टच्या ऑफसेट टॉपिकमध्ये ठेवतो. जेएमएक्समधले (जावा प्रोग्रॅमची आकडेवारी देणाऱ्या सोयीतले) रेप्लिकेशन-लेटन्सी-एमएस आणि रेकॉर्ड-एज-एमएस हे मेट्रिक बघा. फक्त एक लक्षात घ्या: टास्क पडला तर हे आकडे वाढत नाहीत, थांबतात. म्हणून कनेक्टच्या रेस्ट एपीआयवरून टास्कची स्थितीही तपासत राहा आणि एकही फेल्ड टास्क दिसला की अलर्ट लावा.

उत्तर: पार्टिशनशून्य

साध्या टॉपिकांसाठी आधी कन्झ्युमर, मग प्रोड्यूसर. कन्झ्युमर नव्या क्लस्टरवर गेले तरी मिररमेकर जुन्यावरचं नवं लिखाण आणत राहतो, घाई लागत नाही. प्रोड्यूसर एकेक करून हलवता येतात. या काळात त्याच पार्टिशनवर मिररमेकर आणि थेट प्रोड्यूसर दोघंही लिहितात, म्हणून क्रम मिसळतो. जिथे क्रम महत्त्वाचा नाही तिथे बिघडत नाही.

व्यवहारांच्या टॉपिकला थोडा वेळ बंद ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. आधी प्रोड्यूसर पूर्ण बंद करा आणि जुन्या क्लस्टरवर त्या टॉपिकचा लिहिण्याचा परवाना काढून घ्या. ट्रान्झॅक्शनल.आयडीचं फेन्सिंग (त्याच आयडीच्या जुन्या प्रोड्यूसरला अडवणं) एका क्लस्टरपुरतंच असतं. जुन्यावर विसरून चालू राहिलेला प्रोड्यूसर नव्या क्लस्टरवरच्या प्रोड्यूसरमुळे अडवला जात नाही. परवाना काढणं हीच खरी कडी.

मग मिररमेकरला संपवू द्या. ऑफसेट जुळत नसल्याने प्रत्येक पार्टिशनचा शेवटचा रेकॉर्ड दोन्हीकडे वाचून की आणि टाइमस्टॅम्प ताडून बघा. जुन्याचा वाचतानाही रीड_कमिटेड वापरा आणि शेवटच्या काही ऑफसेटपासून वाचा, कारण अगदी शेवटी ट्रान्झॅक्शनचा मार्कर बसलेला असतो.

जुन्या क्लस्टरवरचे कन्झ्युमर लॅग (न वाचलेले मेसेज) शून्य होईपर्यंत चालू द्या, मग थांबवा. या क्षणी भाषांतराची गरजच उरत नाही. दोन्हीकडे सगळं वाचून झालं आहे, तेव्हा नव्या क्लस्टरवर त्या ग्रुपला रिसेट-ऑफसेट्स, टू-लेटेस्ट, एक्झिक्यूट करा. जागा अचूक मिळते आणि दुबार मेसेजही येत नाहीत. हा टॉपिक मिररमेकरच्या यादीतून काढा, आधी कन्झ्युमर चालू करा, शेवटी प्रोड्यूसर. रिसेटच्या आधी प्रोड्यूसर चालू झाला तर त्याचे पहिले मेसेज गाळले जातील, म्हणून हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

स्कीमा रजिस्ट्री: प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला एक शून्य बाइट आणि ४ बाइटचा स्कीमा आयडी असतो. रिकाम्या टॉपिकवर नवी रजिस्ट्री उभारली तर आयडी १ पासून परत वाटले जातील आणि जुने मेसेज चुकीच्या स्कीमाने उघडतील. रजिस्ट्रीवरचं लिखाण थांबवा, तिचा टॉपिक एका पार्टिशनसह आणि कॉम्पॅक्ट पॉलिसीसह नव्यावर आणा, मगच रजिस्ट्रीला नवा पत्ता द्या.

उत्तर: घाटमाथा

बाकी सगळं आलं आहे, दोन गोष्टी जोडतो.

नव्या क्लस्टरवर प्रवेश आधी तपासा. स्क्रॅम (युजरनेम-पासवर्डचं ऑथेंटिकेशन) वापरत असाल तर पोर्ट ९०९६, आयएएमसाठी ९०९८, सिक्युरिटी ग्रुपमध्ये दोन्ही बाजूंनी. स्क्रॅमच्या सीक्रेटचं नाव ‘अ‍ॅमेझॉनएमएसके_’ने सुरू व्हावं लागतं, आणि ते सीक्रेट्स मॅनेजरच्या डिफॉल्ट कीने नाही, तुमच्या स्वतःच्या केएमएस (एडब्ल्यूएसची की सांभाळणारी सेवा) कीने कूटबद्ध असावं लागतं. नाहीतर ते क्लस्टरला जोडताच येत नाही. मिररमेकर एसीएलची (परवान्यांच्या यादीची) नक्कल करतो, पण लिहिण्याचे परवाने आणत नाही. प्रोड्यूसरचे परवाने हाताने द्या.

आणि माघारीचा, म्हणजे गरज पडल्यास जुन्या क्लस्टरवर परतण्याचा, विचार आजच करा. आयडेंटिटी पॉलिसी असताना उलट दिशेचा मिररमेकर एकाच वेळी चालू केला तर रेकॉर्ड दोन क्लस्टरांमध्ये गोल फिरत राहतात; नावात टोपणनाव नसल्याने मिररमेकरला ते ओळखता येत नाही. आधी पुढची दिशा पूर्ण बंद करा. मग उलट दिशा सुरू करताना तिच्या सोर्स कन्झ्युमरचं ऑटो.ऑफसेट.रिसेट लेटेस्ट ठेवा, कारण डिफॉल्ट अर्लिएस्ट असतं आणि ते सात दिवसांचा सगळा साठा जुन्या क्लस्टरवर दुसऱ्यांदा ओतेल. ही उलट दिशा प्रोड्यूसर नव्या क्लस्टरवर चालू होण्याआधी तयार असावी लागते; नंतर सुरू केली तर मधले मेसेज जुन्यावर पोचणार नाहीत. व्यवहारांच्या टॉपिकसाठी जुन्यावर लिहिण्याचा परवाना तेवढा फक्त मिररमेकरच्या युजरला द्या.