गोन्सालो गार्सिया आणि नागासाकीचे लपलेले ख्रिस्ती

प्रश्न: वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना १५९७ मध्ये नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर टांगून भाल्यांनी ठार मारण्यात आले. पुढे जपानमधील ख्रिस्ती धर्मावरच्या बंदीच्या काळात त्याच परिसरातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी अधिकाऱ्यांसमोर येशू वा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून जीव वाचवला. त्यांना निष्ठावान म्हणावे काय?

उत्तर: अवश्य म्हणावे. घरी परतल्यावर ही माणसे पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत, कान्नोन या बौद्ध करुणादेवतेच्या मूर्तीत मरियेला पाहत आणि धर्मगुरू नसताना दोनशेहून अधिक वर्षे गावातील जाणती माणसेच बाळांना बाप्तिस्मा देत. हुतात्म्यांची नावे तरी आपल्याला ठाऊक आहेत, यांची कोणाला?

उत्तर: आदर राखून असहमती नोंदवतो. पश्चात्ताप करावा लागे, याचाच अर्थ ते कृत्य त्यांनाही पाप वाटत होते. त्याला निष्ठा म्हटले, तर गोन्सालोंनी प्राण कशासाठी दिले?

उत्तर: दोघांनीही पुढचा इतिहास सोडला आहे. १८६५ मध्ये नागासाकीजवळच्या उराकामी गावच्या ग्रामस्थांनी नागासाकीतील ओउरा चर्चमध्ये फ्रेंच मिशनरी फादर पेतिजाँ यांना आपली श्रद्धा सांगितली, नंतर ती उघडपणे पाळली, आणि त्यापायी तीन हजारांहून अधिक जण हद्दपार झाले. बंदीचे फलक १८७३ मध्ये उतरले. लपून जपलेले काही नसते, तर उघड करायला उरले काय असते?