बुद्धवनम: थीम पार्क, तीर्थ की चैत्य?

सोलापूरकर
नमस्कार. आमच्या बुद्धविहारातर्फे थंडीत तेलंगणातल्या नागार्जुनसागरला बस न्यायची आहे. पत्रक मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलंय. तिथल्या बुद्धवनमला इंग्रजीत ‘हेरिटेज थीम पार्क’ म्हणतात. मराठीत ‘थीम पार्क’ म्हटलं की घसरगुंड्या डोळ्यांपुढे येतात. ‘तीर्थक्षेत्र’ हा शब्द आमच्या ज्येष्ठ उपासकांना रुचत नाही. ‘स्मारक उद्यान’ चालेल का? आणि या जाण्याला काय म्हणायचं: यात्रा, सहल की पर्यटन?

विदर्भवासी
आमच्याकडे ‘धम्मसहल’ म्हणतात, लेणी बघायला जायचं असेल तर ‘अभ्याससहल’. ‘दर्शनाला चाललो’ असं सहसा कोणी म्हणत नाही. दीक्षाभूमी असो की चैत्यभूमी, माणूस अभिवादनाला जातो, वंदनेला जातो. पत्रकात ‘दर्शन’ टाळा एवढंच सांगेन.

पालीची विद्यार्थिनी
‘उद्यान’ बिनदिक्कत लिहा. बौद्ध परंपरेत हा शब्द पर्यटन खात्याने आणलेला नाही. राजगृहाचं वेळुवन हे बिंबिसार राजाचं उद्यान होतं, ते त्याने संघाला दिलं. श्रावस्तीच्या जेतवनात तर किती सुत्तं, म्हणजे बुद्धांचे उपदेश, सुरू होतात: ‘जेतवने अनाथपिण्डिकस्स आरामे’. इथे आराम म्हणजे बाग, उपवन. ‘संघाराम’, म्हणजे भिक्खूंचा मठ, हा शब्द तिथूनच आला. आपण दुपारी करतो तो आराम फारसीतला, त्याचा याच्याशी संबंध नाही. बुद्धवनम या नावातलं ‘वन’ही लुंबिनीवन, वेळुवन याच ओळीतलं आहे.

आता जाण्याबद्दल. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध आनंदाला चार ठिकाणं सांगतात: जन्माचं, बोधीचं, पहिल्या उपदेशाचं आणि परिनिर्वाणाचं. पुढे शब्द येतात, ‘चेतियचारिकं आहिण्डन्ता’, म्हणजे चैत्यांची (बुद्धांच्या स्मरणाच्या पूज्य स्थळांची) चारिका, म्हणजे फेरी, करत हिंडणारे. अशा हिंडण्यात माणसांना प्रसन्न चित्ताने मरण आलं तर त्यांना सुगती लाभते, असं तिथे म्हटलंय. ‘आहिण्डन्ता’ मोठ्याने वाचून बघा. आपलं ‘हिंडणं’ त्याच धातूचं आहे. श्रद्धेने जाणाऱ्यांसाठी खुद्द सुत्तात हा शब्द असताना, हिंडायला गेलेला तो पर्यटक आणि यात्रेला गेलेला तो भाविक अशी कुंपणं आपण का घालावीत? मी तर पत्रकाच्या माथ्यावर ‘चैत्यचारिका’ लिहीन. पहिल्यांदा वाचणाऱ्याला अर्थ सांगावा लागेल, पण त्या निमित्ताने बसमध्ये चांगलं बोलणं होईल.

पुण्याचा वाचक
चारिका मान्य. पण चैत्य कुठे आहे तिथे? बुद्धवनमचं उद्घाटन 14 मे 2022 ला झालं. 274 एकर जागा, सुंदर झाडं, देशोदेशींच्या स्तूपांच्या लहान प्रतिकृती, जातककथांची (बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींची) शिल्पं, श्रीलंकेतल्या अवुकनाच्या बुद्धमूर्तीची 27 फुटी प्रतिकृती, आंध्रातल्या अमरावतीच्या धर्तीवरचा महास्तूप. सगळं नव्याने घडवलेलं. त्याला चैत्य म्हणणं म्हणजे शब्द पातळ करणं.

पालीची विद्यार्थिनी
याचं उत्तर कालिंगबोधि जातकात सापडतं. तिथे चैत्यांचे तीन प्रकार सांगितलेत. सारीरिक, म्हणजे ज्यात शरीरधातू (अस्थी) आहेत. पारिभोगिक, म्हणजे बुद्धांच्या वापराशी जोडलेलं, जसा बोधिवृक्ष. आणि उद्देसिक, त्यांना उद्देशून घडवलेलं. मूर्ती, प्रतिकृती या तिसऱ्यात धरतात. ज्याला आपण ‘नुसती प्रतिकृती’ म्हणून बाजूला सारतो, त्याला परंपरेने नाव देऊन घरात घेतलंय.

पुण्याचा वाचक
त्याच जातकात उद्देसिक चैत्याला ‘अवत्थुक’ म्हटलंय, हेही सांगा. म्हणजे आत वस्तू नाही, सगळं मनावर.

पालीची विद्यार्थिनी
सांगते की! प्रतवारी आहेच, आणि म्हणूनच पत्रकात दोन्ही नावं वेगवेगळी यायला हवीत. बुद्धवनम हे उद्देसिक. सारीरिक चैत्य होतं ते नागार्जुनकोंड्याला, जिथलं खोरं आता नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली आहे. धरण होण्याआधी 1954 ते 1960 या काळात तिथे उत्खनन झालं. निवडक वास्तू उचलून टेकडीवर आणि काठावरच्या अनुपूला पुन्हा उभ्या केल्या. ती टेकडी म्हणजेच आजचं बेट. तिथलं संग्रहालय बघायला लाँचने जावं लागतं.

तिथल्या मोठ्या स्तूपाचं, म्हणजे महाचैत्याचं, उत्खनन त्याही आधीचं, 1920 च्या दशकाच्या शेवटी पुरातत्त्वज्ञ लाँगहर्स्ट यांनी केलेलं. पाया चाकासारखा: मध्ये तुंबा, मग आरे, बाहेर धाव. आरांमधल्या एका कप्प्यात स्तूपाच्या आकाराची चिमुकली चांदीची डबी मिळाली. तिच्यात सोन्याची त्याहून लहान डबी आणि त्या डबीत अस्थीचा एक तुकडा. ज्यांनी हे ठेवलं त्यांनी डबीलाही स्तूपाचंच रूप दिलं, हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

शब्दचर्चेसाठी सगळ्यात मोलाचा तिथला शिलालेख. इक्ष्वाकू राजा चांतमूल याची बहीण चांतिसिरी हिने तिथे स्तंभ उभारले. तिच्या लेखात या वास्तूला ‘महाचेतिय’ म्हटलंय. अमरावतीच्या लेखांतही हाच शब्द. म्हणजे कृष्णेच्या काठी आपण ज्याला स्तूप म्हणतो त्याला लोक चैत्य म्हणत होते.

विदर्भवासी
मग ‘स्तूप म्हणजे बाहेरचा, चैत्य म्हणजे लेणीतला’ हा शाळेतला नियम?

पालीची विद्यार्थिनी
तो कार्ले-भाजे डोळ्यांपुढे ठेवून बनलाय. तिथे आपण ‘चैत्यगृह’ म्हणतो, म्हणजे चैत्य ज्यात आहे ते घर. आत जो कोरीव स्तूप असतो तोच चैत्य. लोक मात्र सगळ्या दालनालाच चैत्य म्हणू लागले. विहाराचंही तसंच झालं. पूर्वी भिक्खूंचं राहण्याचं ठिकाण, आज आपल्या वस्तीतलं वंदनेचं, बैठकीचं, मुलांच्या अभ्यासिकेचं घर. हा बदल मला मनापासून आवडतो. समाजाने शब्द जिवंत ठेवला आणि त्याला नवं काम दिलं.

स्तूपाचंही रूप पालटलंय. जुना स्तूप भरीव. त्याला प्रदक्षिणा घालायची, आत जायचं नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे. गोराईच्या विपश्यना पॅगोड्यात तर 8,000 साधक एकत्र बसू शकतात, मध्ये एकही खांब नाही. तो ज्याच्या धर्तीवर बांधला तो ब्रह्मदेशातला श्वेडगोन मात्र भरीव. बुद्धवनमच्या महास्तूपातही आत जाता येतं. म्हणून पत्रकात ‘स्तूपाच्या आत’ लिहिलंत तर वावगं नाही.

पुण्याचा वाचक
एक भर घालतो. सांचीची सवय असल्यामुळे ‘भव्य तोरणद्वार’ लिहायचा मोह होईल, तो आवरा. आंध्रच्या स्तूपांची ओळख म्हणजे आयक स्तंभ. चारही दिशांना ओटा पुढे आलेला आणि त्यावर पाच-पाच खांब. जन्म, गृहत्याग, बोधी, धम्मचक्रप्रवर्तन आणि परिनिर्वाण या पाच घटनांची ती खूण मानतात.

सोलापूरकर
मनापासून आभार. मजकूर असा केलाय, बघा:

‘चैत्यचारिका: नागार्जुनसागर. सकाळी लाँचने नागार्जुनकोंडा बेट, संग्रहालय आणि स्थलांतरित वास्तू. दुपारी बुद्धवनम स्मारक उद्यान, जातकशिल्पं, महास्तूपात सामूहिक वंदना.’

नागार्जुनकोंड्याच्या ओळीत ‘येथे बुद्धधातू मिळाले’ असं घालू का?

पालीची विद्यार्थिनी
‘अस्थिधातू’ लिहा. नुसतं ‘धातू’ वाचून शाळेतली मुलं तांबं-पितळ समजतील. आणि बेटाचा कार्यक्रम सकाळीच ठेवलात ते उत्तम. लाँच चुकली तर बुद्धवनम बघून लोक समाधानाने परततील आणि जिथे चांतिसिरीने खांब उभारले त्या जागेचं नावही कोणाच्या कानावर पडणार नाही.